छत्तीस हजार फुटांवरची उटी

विमान एकदाचं सरळ झालं आणि सीटबेल्टचा दिवा विझला की कॅप्टन बोलायला घेतो. आवाज नुकतंच जेवून आडवं झालेल्या माणसाचा. "आपण सध्या छत्तीस हजार फुटांवरून उडत आहोत. बाहेरचं तापमान उणे चोपन्न अंश सेल्सिअस." ही माहिती घेऊन प्रवाशानं नेमकं काय करायचं? बाहेर कोणालाच जायचं नसतं. चौतीस हजारांवरून नेलं असतं तरी कोणी फरक परत मागणार नव्हतं. (पश्चिमेकडे जाणारी विमानं सम हजारांवर उडतात आणि पूर्वेकडे येणारी विषम हजारांवर. म्हणून फ्रँकफर्टला जाताना छत्तीस आणि येताना सदतीस. पुण्यात सम-विषम पार्किंग कोणी पाळत नसेल, वर पाळतात.)

माझं म्हणणं एवढंच आहे, की कॅप्टन चुकीची उंची सांगतो. विमानात उंच्या दोन असतात. बाहेरची उंची विमान भोगतं आणि कॅप्टन मिरवतो. आतली उंची आपण भोगतो, आणि तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

छत्तीस हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या पावपटीहूनही कमी असतो. खिडकीची काच खाली करायची सोय असती तर मिनिटाभराच्या आत शुद्ध हरपली असती. म्हणून बहुतेक विमानांत इंजिनातून हवा घेतात, थंड करतात आणि केबिनमध्ये दाबून भरतात. पण भरताना हात आखडता घेतात. समुद्रसपाटीइतकी काही भरत नाहीत. नियम असा, की आतला दाब आठ हजार फुटांवर असतो त्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. आठ हजार फूट म्हणजे किती? महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आसपास. आपलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई, तेही ५,४००. उटी साडेसात हजारांना जरा कमी, आणि उटीच्या डोक्यावरचं दोड्डाबेट्टा साडेआठ हजारांच्या पुढे. म्हणजे मुंबईला समुद्राकाठी खुर्चीत बसलेला माणूस अर्ध्या तासाच्या आत, पाय न हलवता, उटी आणि दोड्डाबेट्टाच्या मधे कुठेतरी नेऊन बसवला जातो. तिथं त्यानं नऊ तास काढायचे. उटीला निदान बोटिंग तरी आहे.

या खेपेला माझ्याबरोबर आत्या होती. वय शहात्तर, गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत, मुलीकडे तीन महिने राहायला निघालेली. मी तिला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि अगदी मुद्द्याचं विचारलं.

"अरे, एवढे पैसे घेतात, मग हवाच तेवढी पुरती भरायला काय होतं यांना?"

प्रश्न रास्त होता. विमानाचं अंग म्हणजे पातळ पत्र्याची लांबलचक नळी. वर गेलं की आतल्या दाबानं ती किंचित फुगते, खाली आलं की आकसते, आणि हे प्रत्येक फेरीला. कॉमेट नावाची जगातली पहिली जेट प्रवासी विमानं होती, त्यातली दोन १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये हवेतच फुटली. चौकशीत निघालं की फुगून-आकसून पत्रा थकला होता आणि चौकोनी कापलेल्या भोकांच्या कोपऱ्यांपाशी तडे गेले होते. विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोलसर असतात ते उगाच नव्हे. आता आत खालच्याइतकी हवा कोंबायची तर पत्रा जाड हवा, जाड पत्रा म्हणजे वजन, वजन म्हणजे इंधन, आणि इंधन म्हणजे तिकीट. आठ हजार हा आकडा आपली फुफ्फुसं आणि तिकिटाचा दर यांच्यात झालेली तडजोड आहे. फुफ्फुसांच्या बाजूनं बोलायला त्या बैठकीत कोण होतं, ते शोधायला हवं.

नवी विमानं जरा दिलदार आहेत. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांची अंगं बहुतांशी कार्बन फायबरची. ती पत्र्यासारखी थकत नाहीत, गंजत नाहीत, म्हणून आत सहा हजार फुटांइतका दाब ठेवता येतो आणि हवेत थोडा ओलावाही. तरी कळसूबाई खालीच राहते. आणि आमच्या वाट्याला आलेलं विमान अर्थातच जुनं होतं. खुर्चीच्या हाताच्या दांड्यात राखदाणीची जागा बुजवल्याची खूण होती, त्यावरून वय कळत होतं.

कोविडच्या वेळी घराघरांत ऑक्सिमीटर आले, तसा आमच्याकडेही एक आहे. मी तो बरोबर घेतला होता. दीड-दोन तासांनी बोट घातलं तर ब्याण्णव. २०२१ च्या एप्रिलमध्ये हा आकडा दिसला असता तर सोसायटीच्या ग्रुपवर बेडसाठी धावाधाव सुरू झाली असती. इथं त्याच आकड्यावर लोक सिनेमा बघत होते. निरोगी माणसाला त्यानं काही होत नाही, नव्वद-ब्याण्णव तिथं नेहमीचंच, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि बोटावर लाल आकडा लुकलुकताना पाहणं यात फरक पडतो. आत्याचे चौऱ्याण्णव आले. "जप कर," ती म्हणाली आणि बोट सोडवून घेतलं.

यावर २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला आहे. पाचशेहून जास्त माणसांना वीस-वीस तास एका बंद खोलीत विमानासारखं बसवून ठेवलं आणि आतला दाब वेगवेगळा ठेवून पाहिला. सात-आठ हजार फुटांवाल्या मंडळींची तीन तासांनंतर कुरकुर वाढली. अंग जड, हातपाय दुखणं, मरगळ. विमान बनवणाऱ्या बोइंगचाही त्यात भाग होता, आणि पुढे ७८७ सहा हजारांवर आलं. निष्कर्ष पटण्यासारखे आहेत. माझं मन मात्र त्या पाचशे माणसांभोवतीच घुटमळतं. वीस तास विमानात बसल्याचा सगळा त्रास, आणि दार उघडलं की निघाले होते तेच गाव! त्यांचा कोणीतरी सत्कार करायला हवा होता.

त्रासाचं मूळ कळायला अभ्यास लागत नाही. चिवड्याचं पाकीट पुरतं. आत्यानं पर्समधून पातळ पोह्यांच्या चिवड्याचं पाकीट काढून ट्रेवर ठेवलं. घरून निघताना ते मऊ होतं, तिनं घडी घालून चष्म्याच्या घरामागे सारलं होतं. आता त्याच्या घड्या आपोआप उलगडल्या होत्या, चारी कोपरे ताठ झाले होते, वरची छापील आजीबाई गालफुगी दिसत होती, आणि बोटानं टिचकी मारली तर टण्ण आवाज येत होता.

"बघ, नुसती हवा भरून देतात मेले," आत्या म्हणाली.

"आत्या, हवा तेवढीच आहे. बाहेरचा दाब कमी झाला म्हणून ती पसरलीय. एक लिटर हवा इथं सव्वा-दीड लिटरच्या मधे कुठेतरी जाते."

आत्या क्षणभर गप्प राहिली. मग तिनं पाकिटाकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि परत पाकिटाकडे. मी पट्टा एक भोक सैल केला होता, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

पोटात आणि आतड्यांत वायू असतोच, आणि तोही बिचारा त्याच नियमानं चालतो. फरक एवढा, की चिवड्याचं पाकीट फाडता येतं. दोन अमेरिकन डॉक्टरांना डोंगर चढताना हा अनुभव आला आणि त्यांनी १९८१ साली एका वैद्यकीय नियतकालिकाला तसं रीतसर पत्र लिहिलं. पुढे २०१३ साली न्यूझीलंडच्या वैद्यकीय नियतकालिकात विमानातल्या या विषयावर चांगला सविस्तर लेख आला. प्रवाशांना त्यात सल्ला दिलाय की धरून ठेवू नका, सोडून द्या. धरून ठेवलं तर पोटात कळा येतात. वैमानिकाचं धर्मसंकटही त्यात मांडलंय: सोडावं तर शेजारच्या वैमानिकाचं लक्ष उडतं, धरावं तर स्वतःचं. गाद्यांमध्ये कोळसा भरावा म्हणजे वास शोषला जाईल, असाही एक उपाय सुचवलाय. आमच्या घराण्यात एवढं लांब कोणी गेलं नसतं. हिंग-ओव्याची पुरचुंडी पुढे झाली असती. ती आत्याकडे होतीच. पण जेवण आलं तेव्हा मला खरा धक्का बसला. शाकाहारी ट्रेवरचं चांदीच्या कागदाचं झाकण काढलं, तर आत राजमा! पोट आधीच तिसऱ्या हिश्शानं फुगणार हे ज्यांना पक्कं ठाऊक आहे, तीच मंडळी नऊ तासांच्या बंद नळीत तीनशे माणसांना राजमा वाढतात. मेनू ठरवणारा आणि विमान चालवणारा यांची कधी गाठच पडत नसावी.

राजम्याला चव नव्हती. इथं मात्र आचाऱ्याला दोष देता येत नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं २०१० च्या सुमाराला एका विमान कंपनीसाठी हे तपासून पाहिलं. जुन्या एअरबसच्या सांगाड्यात माणसं बसवली, दाब उतरवला, हवा कोरडी केली आणि जेवू घातलं. मीठ आणि साखर जिभेला बरीच कमी लागली. नाक कोरडं पडलं की वास येत नाही, आणि वास गेला की चवीतलं उरतं किती? त्यात इंजिनाची घरघर गोडाची चव आणखी मारते. टोमॅटोची चव तेवढी टिकते, म्हणून खाली टोमॅटोच्या रसाकडे ढुंकूनही न पाहणारे लोक वर गेलास मागून घेतात. आत्यानं यातलं काहीही वाचलेलं नव्हतं. तिनं शेंगदाण्याच्या चटणीची डबी उघडली, राजम्यावर दोन चमचे भुरभुरली आणि जेवली. मला विचारलं. पलीकडच्या खिडकीशी एक गृहस्थ होते, कोट न काढता बसलेले, चेहऱ्यावरून मोठ्या हुद्द्यावरचे. त्यांनाही विचारलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि राजमा संपूर्ण संपवला.

मग चहा आला. एक घोट घेतला आणि आत्यानं कप खाली ठेवला.

"याला आधणच आलेलं नाही."

"आत्या, आठ हजार फुटांवर पाणी ब्याण्णव अंशांनाच उकळतं. कितीही वेळ ठेवलं तरी त्याच्या वर जात नाही. पत्ती उतरणार कशी?"

"मग उटीला चहाचे मळे आहेत ते?"

"आहेत."

"तिथली माणसं काय पितात?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हवाईसुंदरी जवळून गेली तेव्हा आत्यानं तिला थांबवून "जरा उकळू द्या ना" असं मराठीत सांगितलं. ती गोड हसली आणि आणखी दोन दुधाच्या पुड्या ठेवून गेली.

बाहेर उणे पन्नासच्या पलीकडची हवा, तिच्यात ओलावा नावालाही नसतो. तीच तापवून आत सोडतात. जुन्या विमानात तिच्यात मुद्दाम पाणी मिसळणं परवडत नाही, पत्रा गंजतो. मे महिन्यात अकोल्याला भर दुपारी असते तितकी, कधी त्याहूनही कोरडी हवा आत खेळत असते. तासाभरात ओठ तडकले, डोळ्यांत वाळू, आणि मला मुंबईतूनच सर्दी झाली होती ती नाकात सुकून सिमेंट झाली. इकडे रात्र म्हणून दिवे मालवले होते. झोप लागेना. आत्या तोंड उघडं ठेवून गाढ झोपली होती आणि जाग आली की आवळा सुपारीची चिमूट तोंडात टाकून पुन्हा झोपत होती.

तेवढ्यात विमान हलायला लागलं. रस्त्यावरच्या खड्ड्यांचा विनोद माझ्या आगेमागे सगळ्यांनी केला, म्हणून मी करत नाही. पण "आम्ही हवामानाच्या वरून उडतो" ही जाहिरात आपल्याकडे अर्धीच खरी आहे. युरोपात ते बरंचसं जमतं, तिथं ढगांचं छप्पर पस्तीस-छत्तीस हजार फुटांच्या आसपास. आपल्या उष्ण पट्ट्यात ते छप्परच पन्नास हजारांच्या पुढे, आणि पावसाळ्यातले गडगडाटी ढग तिथपर्यंत चढतात. त्यांच्या वरून जाणारं प्रवासी विमान आज तरी नाही. वळसा घालायचा, नाही तर हादरे खायचे. तरी पूर्वीपेक्षा बरं म्हणायचं. १९४८ च्या जूनमध्ये मुंबईहून लंडनला आपलं पहिलं विमान गेलं ते पंख्यांचं कॉन्स्टेलेशन, कैरो आणि जिनिव्हाला थांबत, आमच्यापेक्षा कितीतरी खालून. त्या मंडळींनी ढग बाजूनं नाही, आतून पाहिले असणार.

रात्री कधीतरी कॅप्टनला पुन्हा बोलायची लहर आली. आता म्हणे अडतीस हजार. इंधन जळून विमान हलकं झालं की ते आणखी वर चढतं, कारण विरळ हवेत इंधन कमी लागतं. कंपनीच्या पैशाचं झालं. आतली उंची त्याबरोबर थोडी वाढते, ते आपल्या पोटाचं झालं. आत्या दचकून उठली. "आता आणखी वर कशाला? इथं काय वाईट होतं?"

मी तिला २०१८ सालची गोष्ट सांगणार होतो, पण आवरलं. त्या सप्टेंबरात मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात केबिनमध्ये हवा भरायचा खटकाच लावायचा राहून गेला. वर जाता जाता ऑक्सिजनचे मुखवटे खाली लोंबले, तीसेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं, आणि विमान मुंबईला परतलं. ती बातमी वाचली तेव्हा आठ हजारांना पुन्हा नावं ठेवायची नाहीत असं मी ठरवलं होतं. हा निश्चय राजम्यापर्यंत टिकला.

खरी परीक्षा उतरताना असते. कानाच्या पडद्यामागे थोडी हवा असते आणि तिथून घशापर्यंत एक बारीक नळी. वर जाताना आतली जास्तीची हवा त्या नळीतून आपोआप निसटते. खाली येताना हवा उलटी आत जायला हवी, तर नळी चिकटून बसते. गिळलं, चघळलं, जांभई दिली की उघडते. म्हणून तान्ह्या बाळांना उतरताना पाजतात, आणि ज्यांना पाजत नाहीत ती रडतात. रडण्यानंही तेच साधतं. विमानातली सगळ्यांत शहाणी माणसं म्हणून त्यांच्याकडे पाहावं. आवळा सुपारी चघळणारी आत्या दुसऱ्या नंबरावर. माझी नळी सर्दीनं बंद. कानांना असे दडे बसले की इंजिनाचा आवाज शेजारच्या सोसायटीतून येतोय असं वाटायला लागलं. मग कळ. डाव्या कानातून निघून थेट दाढेपर्यंत.

त्यावर एक उपाय आहे. नाक चिमटीत घट्ट धरायचं, तोंड मिटायचं आणि हळूच नाकातून हवा फुंकायची. मी नाक धरलं.

शेजारच्या कोटवाल्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाक धरून, डोळे मिटून, गाल फुगवून बसलो होतो. डोळे उघडले तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी राजमा संपवला होता हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. खुलासा करावा म्हणून मी म्हणालो, "तसं काही नाही, उंचीमुळे होतं." हे वाक्य दड्यांमुळे माझ्या अंदाजापेक्षा बरंच मोठ्यानं गेलं असावं. पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. गृहस्थांनी वरच्या हवेच्या झोताचं तोंड माझ्याकडे फिरवलं आणि पूर्ण उघडलं. कान अजून उघडले नव्हते, म्हणून मला पुन्हा नाक धरावं लागलं.

"काय रे, वास येतोय का?" आत्यानं विचारलं. हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

फ्रँकफर्टला उतरलो तेव्हा आत्याच्या पर्समधली पाण्याची रिकामी बाटली आपोआप चेपली होती आणि उरलेल्या चिवड्याचं पाकीट मरगळून पडलं होतं. पोटही जाग्यावर आलं. कान तेवढे मागे राहिले. पासपोर्टच्या खिडकीत अधिकाऱ्याचे ओठ हलत होते. मी अंदाजानं "व्हेजिटेरियन" म्हणालो. आत्यानं मला बाजूला केलं, तीन बोटं दाखवली, "मंथ. डॉटर," एवढं म्हणाली, आणि शिक्के बसले.

सामानाच्या पट्ट्यापाशी कान अगदीच असह्य झाला तेव्हा मी आडोसा बघून पुन्हा नाक दाबून फुंकलं. पट्ट्याच्या पलीकडे, चांगलं वीसेक फुटांवर, ते गृहस्थ उभे होते. त्यांनी आमच्यातलं अंतर नजरेनं मोजलं, बॅग तशीच पुढे जाऊ दिली आणि ताडताड चालत आमच्यापाशी आले. ते बरंच काही बोलले, हातवारे करून बोलले. मला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. आत्याला आलं. तिनं डबी उघडून त्यांच्यापुढे धरली, त्यांनी आवळा सुपारीची चिमूट घेतली, आणि मग दोघं माझ्याकडे बघत चांगला वेळ काहीतरी बोलत राहिले.